कापलेली पट्टी

गेल्या रविवारी अण्णांचा गोळ्यांचा डबा आवरायला घेतला. रक्तदाबाच्या, साखरेच्या, पित्ताच्या मिळून 17 पट्ट्या निघाल्या. त्यातल्या 9 पट्ट्यांवर बॅच नंबरच नव्हता. दुकानदाराने चार-चार गोळ्या कात्रीने कापून दिलेल्या. बॅच आणि मुदत छापलेलं टोक भलत्याच कुणाच्या घरी गेलेलं. बिल एकाचंही नाही. "अगं, ओळखीचा आहे तो. त्याच्याकडे बिल काय मागायचं?" अण्णा म्हणाले.

बॅच नाही, बिल नाही, मग या गोळ्यांत नेमकं काय आहे ते कसं कळणार? मला मुंबईचं जे. जे. रुग्णालय आठवलं. 1986 साली तिथे रुग्णांना औषध म्हणून ग्लिसरीन पाजलं, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं. दिसायला ग्लिसरीनसारखं, चवीला गोड, आणि मूत्रपिंडं निकामी करणारं. 14 जण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने रुग्णालयापासून औषध प्रशासनापर्यंत आणि थेट मंत्र्यांपर्यंत सगळ्यांवर ठपका ठेवला. तरी तेच विष 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्यातल्या लेकरांच्या खोकल्याच्या औषधात निघालं. त्यातली कितीतरी मुलं उपचारांसाठी नागपूरला आणली होती. हे लिहितानाही संताप आवरत नाही.

विष निदान माणूस मारून उघडं तरी पडतं. ज्या गोळीत औषधच नाही, ती कोण पकडणार? नागपूर जिल्ह्यात कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून 2023 मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचे नमुने घेतले गेले. गोळ्यांत त्या औषधाचा अंशही नव्हता. अशी गोळी घेऊन ताप उतरला नाही, तर घरचे म्हणतात दुखणं चिवट आहे. डॉक्टर आणखी जालीम प्रतिजैविक लिहून देतात. गोळीवर संशय कुणी घेतच नाही. औषध थोडंसंच असेल तर आणखी वाईट, कारण त्यातून तगलेले जंतू पुढे खऱ्या औषधालाही दाद देत नाहीत.

1 ऑगस्ट 2023 पासून औषधांच्या 300 ब्रँडांवर क्यूआर कोड किंवा बारकोड सक्तीचा झाला आहे. मोबाइल धरला की उत्पादक, बॅच, मुदत कळते. पण कापलेल्या चार गोळ्यांवर काय स्कॅन करणार?

काल अण्णांना घेऊनच त्या दुकानात गेले. अख्खी पट्टी मागितली, बिल मागितलं. दुकानदाराने खळखळ न करता दिलं. आजवर आम्हीच मागितलं नव्हतं. घरी आल्यावर अण्णांनी चष्मा लावला आणि बिलावरचा बॅच नंबर पट्टीवरच्या आकड्यांशी बोट ठेवून ताडून पाहिला. मग बिलाची घडी घालून डब्यात ठेवली.