जखमेचा टक्का



रविवारी वंदना आटोपली की विहारामागच्या वाचनालयात आम्ही दोन तास लोकांचे कागद वाचून द्यायला बसतो. रेशनकार्ड, वीजबिल, जातपडताळणी, कोर्टाची नोटीस, कोणाचे काय तर कोणाचे काय. मागच्या महिन्यात एक माजी सैनिक भाऊ प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आले. कंबरेच्या दुखण्यामुळे २००४ साली फौजेतून बोर्डआऊट झालेले. कागदावर नोंद होती, अपंगत्व ३० टक्के, कायमचे. म्हणाले, "दादा, दुखणं वाढलंय. टक्का वाढवून मिळावा असा अर्ज लिहून द्या. तिसाचे चाळीस झाले तरी पुष्कळ."

आम्ही त्यांचा पीपीओ, म्हणजे पेन्शनचा हुकूम, मागून घेतला. त्यात अपंगत्वाचा घटक ५० टक्क्यांच्या दराने लागलेला होता. आम्ही म्हणालो, "भाऊ, हा अर्ज करू नका." त्यांना राग आला. आपल्याच माणसाने आपल्याला अडवले असे वाटून ते उठूनही उभे राहिले. त्यांना जे बसवून सांगितले, तेच आज इथे लिहितो. कारण आपल्या वस्त्यांतून पलटणीत गेलेली माणसे थोडी नाहीत. महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली, पण आपली फौजेची नोकरी त्याच्या कितीतरी आधीची. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हेसुद्धा पलटणीतून पेन्शनीवर आलेले. फौजेची पेन्शन आणि तिचा कागद ही आपल्या घरांतली जुनी गोष्ट आहे. तरी तो कागद वाचणारे घर अजून विरळाच.

आधी हिशेब सांगतो. फौजेच्या नोकरीमुळे जडलेले, किंवा नोकरीमुळे वाढलेले अपंगत्व असेल आणि ते निदान २० टक्के ठरले असेल, तर पेन्शनमध्ये अपंगत्वाचा वेगळा घटक मिळतो. १०० टक्क्यांना पगाराच्या ३० टक्के, आणि त्याहून कमी असेल तर त्या मानाने. ज्या पगारावर पेन्शन बसते तो ४०,००० रुपये धरा. १०० टक्क्यांना १२,००० रुपये, २० टक्क्यांना २,४०० रुपये. शिवाय त्यावर महागाई. आणि २० च्या खाली आला की शून्य. वीस आणि एकोणीस यांत फरक एका आकड्याचा, पण घरात फरक पडतो तो महिन्याच्या किराणामालाचा.

पुढे पाचव्या वेतन आयोगानंतर सरकारने एक चांगली गोष्ट केली. १९९६ पासून बोर्डआऊट झालेल्यांसाठी टक्के वर ओढून धरायचे ठरले. ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि त्यावर असेल तर १००. याला ब्रॉड बँडिंग म्हणतात. मुदत पुरी करून घरी आलेल्यांना मात्र हे देत नव्हते. २०१४ च्या डिसेंबरात राम अवतार यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने त्यांनाही ते द्यायला लावले.

आता त्या भाऊंचा अर्ज बघा. तीसवाल्यालाही ५० चे पैसे, चाळीसवाल्यालाही ५० चेच. अर्ज मंजूर झाला असता तरी हातात एक रुपया जास्त आला नसता. पण अर्ज केला म्हणजे पुन्हा बोर्डासमोर उभे राहणे आले, आणि बोर्डाचा आकडा वर जातो तसा खालीही येतो. २००१ च्या फेब्रुवारीतला संरक्षण मंत्रालयाचा आदेश आहे की कायमच्या अपंगत्वाचा टक्का एकदा ठरला की तो जन्मभरासाठी, त्याची पुन्हापुन्हा तपासणी नाही. फक्त एक सोडून. माणसाने स्वतःच फेरतपासणी मागितली तर! बंद दाराची कडी आपल्याच हाताने काढायची कशाला?

त्या भाऊंना पटायला वेळ लागला. तेव्हा आम्ही त्यांना नानांची हकिगत सांगितली.

नाना आमच्या गल्लीतले. १९७६ साली भरती झाले. डोंगरातल्या रस्त्यावर ड्युटीवर असताना ट्रक उलटला आणि उजवा गुडघा चुरला. १९८९ साली बोर्डआऊट. अपंगत्व ३० टक्के, पण दोन वर्षांपुरते. त्या काळी अशीच पद्धत होती. दोनचार वर्षांची मुदत द्यायची, मग पुन्हा बोलवायचे. त्याला रिसर्व्हे बोर्ड म्हणत. १९९१ च्या बोर्डाने नानांचे ३० चे २० केले. १९९४ च्या बोर्डाने लिहिले, ११ ते १४. अपंगत्वाचा घटक बंद. सेवेचा घटक तेवढा चालू राहिला.

गुडघा बरा झाला होता का? मुळीच नाही. नाना जिन्याची एक पायरी दोन्ही पाय टेकवून उतरत. संडासला बसता येत नव्हते म्हणून काकूंनी लाकडी खुर्चीला मधोमध भोक पाडून घेतले होते. मग टक्का कमी का झाला, हे आम्हाला फार उशिरा कळले, आणि तेही काकूंकडून.

"अहो, बोर्डाच्या आदल्या रात्री पाय शेकून शेकून माझे हात भाजले," काकू म्हणाल्या. "सकाळी उठून यांनी दुखण्याच्या दोन गोळ्या घेतल्या. बुटाला पॉलिश केलं, कडक इस्त्रीची पँट घातली. काठी घरीच ठेवली. म्हटलं, काठी न्या की. तर म्हणाले, साहेबांसमोर काठी घेऊन उभा राहू? आणि डॉक्टरसाहेबांनी विचारलं, कैसा है? तर हे म्हणाले, सब ठीक है साहेब!"

नाना तिथेच बसले होते. खाली मान घालून हसले.

वाचकहो, यात हसण्यासारखे काही नाही. ज्या माणसाला तेरा वर्षे शिकवले की दुखले तरी सांगायचे नाही, रांगेत पाय हलवायचा नाही, साहेबांनी विचारले की 'सब ठीक', त्याच माणसाला एक दिवस खोलीत बोलावून विचारायचे की बाबा, तुला कुठे कुठे दुखते. तो काय सांगणार? त्याची शिस्त बोलली आणि कागदावर लिहिले गेले, सुधारणा आहे. डॉक्टरांनी डोळ्यांना दिसले ते लिहिले असेल. त्यांनी गुडघा वाकवून मोजला का, क्ष-किरण फोटो काढला का, ते त्या कागदात नव्हते. त्या कागदाची प्रतही नानांना कोणी दिली नाही, आणि नानांनी मागितली नाही.

त्या वर्षी थोरलीची दहावी होती. नाना रात्रपाळीचे वॉचमन झाले, तेही बारा बारा तास उभे राहायचे. काकूंनी चार घरची पोळीभाजी धरली. थोरलीला पुढे शिकायचे होते, ते राहिले. नाना एवढेच म्हणत, "सरकारने दिलं होतं, सरकारने नेलं." आम्हाला या वाक्याचा तेव्हाही राग येई, आजही येतो. दिलेले नव्हते ते. गुडघ्याच्या बदल्यात होते.

ट्रंक उघडली ती त्यांच्या धाकट्या मुलीने, २०१५ साली. ती एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंगला होती. डिस्चार्ज बुकाच्या आत १९८९ च्या बोर्डाचा पिवळा पडलेला कागद घडी करून ठेवलेला सापडला. त्यावर स्पष्ट होते की दुखापत ड्युटीवरची आहे, नोकरीमुळेच झालेली आहे. सगळे प्रकरण त्या एका कागदावर उभे राहिले. तिने सागरच्या रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर्ड पत्र पाठवून बाकीच्या बोर्डांच्या नकला मागवल्या, वडिलांच्या नावाने अपील लिहिले, ते फेटाळल्याचे उत्तर आले तेही जपून ठेवले, आणि २०१६ साली मुंबईच्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणात अर्ज लावला.

तोवर कोर्टांचे निकाल सैनिकाच्या बाजूने बरेच आले होते. धर्मवीर सिंह नावाचा सिग्नलचा शिपाई, त्याला १९९४ साली फिटच्या आजारामुळे घरी पाठवले आणि आजाराचा नोकरीशी संबंध नाही असे सांगितले. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने म्हटले, भरतीच्या वेळी तुम्हीच तपासून धडधाकट म्हणून घेतलात, आजाराची नोंद केली नाही, तर तो नोकरीत जडला असेच धरावे लागेल. सिद्ध करण्याचे ओझे सैनिकावर नाही, आणि शंकेचा फायदाही त्यालाच. पुढच्याच वर्षी सुखविंदर सिंह यांच्या निकालात आले की ज्याला अपंगत्वामुळे फौजेतून काढले, त्याचे अपंगत्व २० टक्क्यांहून जास्तच होते असे धरले पाहिजे. साधी गोष्ट आहे. ११ टक्के अपंग माणूस नोकरीला चालत नव्हता, तर मग काढलात कशाला? २०१९ साली नौदलाचे कमांडर राकेश पांडे यांच्या प्रकरणात कोर्टाने त्याच २००१ च्या आदेशावर बोट ठेवले आणि कायमच्या आजाराला मुदत घालता येणार नाही, पेन्शन जन्मभर द्या, असे सांगितले.

नानांचा निकाल २०१८ साली लागला. ५० टक्के, जन्मभरासाठी. थकबाकी मात्र अर्जाआधीच्या तीनच वर्षांची. उशिरा येणाऱ्याला साधारण तेवढेच मिळते, कारण तरसेम सिंह यांच्या २००८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने तशी मर्यादा घातली आहे. म्हणजे १९९४ ते २०१३ ही एकोणीस वर्षे बुडाली ती बुडालीच. तेव्हा ज्यांचा घटक बंद पडलेला आहे त्यांनी 'बघू दिवाळीनंतर' म्हणू नये. प्रत्येक महिना मागच्या टोकाने गळत असतो.

आता कामाचे. ज्यांच्या कागदावर 'कायमचे' किंवा 'जन्मभर' असे लिहिले आहे, त्यांनी हौसेने फेरतपासणी मागू नये. दुखणे खरोखरच पुढच्या पायरीवर गेले असेल, म्हणजे ५० च्या आत असलेला ५० ओलांडेल असे डॉक्टरच म्हणत असतील, तर गोष्ट वेगळी. पण आधी जाणकाराला कागद दाखवा. ज्यांच्या कागदावर मुदत आहे, त्यांनी बोलावणे आले की जावेच. न जाण्याने पैसे थांबतात. २००१ च्या आदेशाप्रमाणे अशी फेरतपासणी एकदाच व्हायची, तिथला आकडा मग जन्मभराचा. म्हणून त्या एका दिवसाची तयारी मुलीच्या लग्नासारखी करा.

तयारी म्हणजे सोंग नव्हे. लंगडण्याचे नाटक करू नये, डॉक्टरांना ते कळते आणि खरे दुखणेही खोटे ठरते. पण काठी वापरत असाल तर काठी न्या. रोजच्यापेक्षा जास्त गोळ्या घेऊन जाऊ नका. किती पायऱ्या चढता, रात्री किती वेळा उठता, कोणते काम सोडावे लागले, हे घरच्या बाईला विचारून कागदावर लिहून न्या. तिला ते तुमच्यापेक्षा जास्त माहीत असते. ईसीएचएसच्या, सिव्हिलच्या, अगदी गल्लीतल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्याही तारीखवार लावा. सही करण्याआधी वाचा. नंतर नक्कल मागा, तीही लेखी. टक्का कमी केल्याचे पत्र आले तर त्यात कारण लिहिले आहे का बघा. अपिलाची मुदत टळू देऊ नका, आणि त्याचे शेवटचे उत्तर आल्यावर न्यायाधिकरणात जायला सहा महिने असतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जासाठी मदत मिळते, ती फुकट असते. थकबाकीतला चौथा हिस्सा मागणारे एजंट आमच्याकडेही येऊन गेले. त्यांना चहा पाजून वाटेला लावावे.

पेन्शन आता 'स्पर्श' नावाच्या संगणकी व्यवस्थेतून येते. नातवाला सांगून त्यातला आपला टक्का जुन्या पीपीओशी ताडून बघा. आणि २१ सप्टेंबर २०२३ नंतर घरी आलेल्यांना नवे नियम लागू आहेत, नावेही बदलली आहेत. वर लिहिले ते सगळे त्यांना जसेच्या तसे लागू पडेल असे समजू नये. जुन्यांना मात्र जुनेच नियम.

विधवा भगिनींसाठी एक शब्द. अपंगत्वाचा घटक माणसाबरोबर थांबतो, पण त्याच्या हयातीत जे देणे राहिले ते वारसाला मागता येते. म्हणून नवऱ्याच्या ट्रंकेतले कागद रद्दीत घालू नका. आमच्या पाहण्यात एका ताईंनी असे कागद चुलीत घातले होते. घराचे भाडे थकले होते, घर बदलायचे होते, सामान कमी करायचे होते. त्यांना बोल कोण लावणार?

ते भाऊ अर्ज न करताच परत गेले. जाताना पीपीओची झेरॉक्स काढून एक प्रत बहिणीकडे ठेवायला घेऊन गेले.

नानांना आता सत्तरी गाठत आली. काल दारावरून जाताना आम्ही विचारले, "नाना, गुडघा काय म्हणतो?"

"सब ठीक," नाना म्हणाले.

आतून काकूंचा आवाज आला, "काही ठीक नाही हो, रात्री तीनदा उठलेत!"