भाकरी पाकिटात जाताना

सोलापूरच्या नवी पेठेत खरेदीला आलेला पाहुणा शेंगा चटणीबरोबर ज्वारीच्या कडक भाकरीचं पाकीटही पिशवीत टाकतो. या भाकरीवर अनेक घरांतल्या आणि बचत गटांतल्या बायकांचा रोजगार उभा आहे, हे चांगलंच. पण पाकीटबंद पावाचं काय झालं ते आठवलं, तर या धंद्याने आताच सावध व्हायला हवं.

यंत्राने कापलेला पाव 1928 मध्ये अमेरिकेत विकायला आला. इंग्लंडमधल्या चॉर्लीवुडच्या संशोधकांनी 1961 मध्ये कणीक अतिवेगाने घुसळून आंबवण्याचे तास वाचवले. आपल्याकडे सरकारने 1965 मध्ये मॉडर्न बेकरीज काढली. 2000 मध्ये ती हिंदुस्थान लीव्हरकडे गेली. पाव स्वस्त झाला, गावोगाव पोचला. मात्र चांगला पाव कोणता, हे आता कारखाना आणि दुकानाची फळी ठरवू लागली. पांढरा, मऊ, एकसारखा आणि टिकाऊ तोच चांगला! त्यापायी कोंडा गेला, मैदा आला, मागोमाग रसायनं आली. दिल्लीच्या सीएसई या संस्थेने 2016 मध्ये पाव-ब्रेडचे 38 नमुने तपासले, तेव्हा 84 टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट आढळलं. ब्रोमेटवर बंदी आली ती त्यानंतर. तोवर त्याचा वापर कायद्याला धरूनच होता.

कडक भाकरीला टिकण्यासाठी असं काही लागत नाही. पातळ थापायची, भाजायची आणि ओल पुरती उडेपर्यंत वाळवायची, एवढंच. पाणीच उरलं नाही तर बुरशी धरणार कशी? तिला धोका आहे तो मोठ्या खपाचा. ज्वारीत ग्लुटेन नसतं. त्यामुळे पिठाला चिवटपणा नाही. थापायला सरावाचा हात लागतो आणि वाहतुकीत भाकरी मोडते. यंत्राला हे परवडत नाही. त्यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे गहू किंवा मैदा मिसळणं. ज्वारीच्या नावाने विकली जाणारी कितीतरी बिस्किटं याच वाटेने गेली आहेत. पुढे ठळक अक्षरांत ज्वारी, मागे बारीक अक्षरांत मैदा.

यात तोटा केवळ चवीचा नाही. मोहोळची मालदांडी आणि 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर रब्बीत पिकते. माणसाला धान्य देते आणि जनावराला कडबा. भाकरीतली ज्वारी घटली की शेतातलीही घटेल, आणि गोठ्यातली वैरणही. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरं झालं. पण शेतकरी पेरतो तो खप पाहून.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याची सक्ती कायद्यात आहे. तेव्हा पाकीट उलटा आणि यादीतलं पहिलं नाव वाचा. तिथे मैदा असेल, तर ज्वारीचा भाव मोजू नका.