कोनशिलेवर अकरा नावं, झाडांवर एकही नाही



भाचा पाचवीत आहे. शाळेने प्रकल्प दिलाय : जवळच्या बागेतली दहा झाडं ओळखा, पानं चिकटवा, माहिती लिहा. रविवारी त्याला घेऊन गावातल्या बागेत गेलो. फाटकाजवळच्या कोनशिलेवर उद्घाटनाची अकरा नावं आहेत, मोजली. झाडांवर एकही नाही.

कडुनिंब, गुलमोहर मला येतात. पुढे माझीही बोंब. फिरायला आलेल्या दोघांना विचारलं, तर म्हणे "शोभेचं झाड असेल". शेवटी झाडलोट करणाऱ्या मावशींनी एका जुन्या झाडाखालचं फूल उचलून पोराच्या हातावर ठेवलं. "मोह आहे ना दादा हा!" मावशी धडगावकडच्या. तिकडे सातपुड्यात ही फुलं वेचायला पहाटे अख्खं घर बाहेर पडतं, बियांचं तेल निघतं. आणि आम्ही शिकलेले लोक वर्षानुवर्षं त्याच सावलीत शेंगदाणे खातोय.

शहरी भागातल्या झाडांचा राज्याचा कायदा १९७५ चा आहे. दर पाच वर्षांनी झाडं मोजा, असं तो सांगतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नाशी गाठलेलं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं. पण ज्याचं नावच कुणाला माहीत नाही, त्याचं वय कोण सांगणार? उद्या तिथे शेड बांधायचं ठरलं की कागदावर "जुने झाड, १ नग" एवढंच येईल. मोहाला नग म्हणणं सोपं नाही हो.

काही जण म्हणतील, मोबाइलवर नाव सापडतं. सापडतं ना! तरी दर दसऱ्याला आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या कोण विकत घेतं? आपणच.

नवीन झाडं लावतानाही तेच. पटकन हिरवं दिसतं म्हणून कोनोकार्पस आणायचा. शेजारच्या गुजरातने २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्या खानदेशातला अंजन मात्र बागेत शोधून सापडत नाही.

मागणी लाखांची नाही. पत्र्याच्या पाट्या, तारेने बांधलेल्या (खिळे ठोकू नका, कृपा करा). नाव मराठीत, अहिराणीत, भिलीत, पावरीत. आणि ती नावं सांगायला मावशींसारख्यांनाच बोलवा, मानधन देऊन.

येत्या रविवारी सकाळी सातला मी आणि भाचा वही घेऊन बागेत आहोत. चार झाडं झालीत, सहा बाकी. घरातल्या आजी-आजोबांना घेऊन या.