पायासकट हलवावे

गतवर्षीचे तीन महिने आम्ही उभयता अमेरिकेत, न्यू जर्सीला लेकीकडे होतो. परदेशप्रवासाची वर्णने या पानांवर पुष्कळ येऊन गेली आहेत. त्यांत आणखी एकाची भर घालण्याचा आमचा विचार नाही. सांगायची आहे ती लेकीच्या दिवाणखान्यातील एका काचेच्या टाकीची आणि त्या टाकीत आमच्या हातून घडलेल्या अपराधाची गोष्ट.

जावईबापूंना प्रवाळ पाळण्याचा छंद आहे. 'पाळण्याचा' हा शब्द आम्ही जाणून योजला आहे. पोवळे म्हटले की आपल्याला अंगठीतला मंगळाचा खडा आठवतो. तेथे आम्हांस उमगले की प्रवाळ म्हणजे शेकडो इवल्या जीवांची वसाहत. हे जीव पाण्यातला चुना घेऊन अंगाखाली दगडी घर बांधतात, आणि त्यांच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल उजेडावर अन्न तयार करून त्यांना पोसते. म्हणून टाकीतले पाणी समुद्राइतके खारट, तापमान २५-२६ अंश, आणि वरचे निळसर दिवे रोज ठरल्या वेळी लागायचे. जास्वंदीची फांदी तोडून लावावी तसा प्रवाळाचा तुकडा लावला की त्याची नवी वसाहत होते.

असा बोटाएवढा एक तुकडा दहा वर्षांच्या नातवाला मिळाला होता. मोंटिपोरा त्याचे नाव. नातवाने तो मोठ्या हौसेने खडकावर नुसत्या सुपरग्लूने चिकटवला. तिसऱ्या दिवशी टाकीतल्या गोगलगायीने तो पाडला. दुपारी घरात कोणी नसे. पोराला आनंद वाटावा म्हणून आम्ही बाह्या सरसावून तो उचलला आणि चिकटवला. दोन दिवसांनी तो तिरका दिसला, म्हणून सरळ केला. मग उजेड कमी वाटला, म्हणून वर नेला. पुन्हा पडला, पुन्हा लावला. पंधरवड्यात चार वेळा! प्रत्येक वेळी बोटाखाली त्याची कोवळी कातडी घासली जात होती, हे आम्हांस कळलेच नाही. तुकडा बुडापासून पांढरा पडत गेला आणि एके सकाळी त्याचा नुसता सांगाडा उरला.

नातू रडला नाही. बराच वेळ काचेतून पाहत राहिला आणि म्हणाला, "आजोबा, त्याला धरून बसायला वेळच मिळाला नाही हो."

त्या रात्री लेकीने सांगितले की जावईबापूंच्या नोकरीपायी पोराच्या चार वर्षांत तीन शाळा झाल्या आहेत आणि आता टेक्ससला जाण्याचे घाटत आहे. आम्हांस झोप लागली नाही.

पुढल्या रविवारी जावईबापूंनी दुसरा तुकडा कापला आणि आम्हां दोघांना समोर बसवून रीत शिकवली. तुकडा थेट खडकावर लावायचा नाही. चिनी मातीची, अळंबीच्या आकाराची एक छोटी बैठक मिळते. कापलेले टोक टिपून कोरडे करावे, घट्ट सुपरग्लूचा थेंब द्यावा, बैठकीवर दाबून क्षणभर धरावे आणि पाण्यात सोडावे. बैठक खडकावर बसवताना आधी खडक ब्रशने घासून त्यावरचा बुळबुळीत थर काढावा आणि पंप बंद करावा. सुपरग्लू पाण्यात चटकन पकडतो, पण फट भरत नाही. गळक्या नळाला लावतात तशी, दोन रंगांचे गोळे मळून एक करायची लांबी फट भरते, पण ओल्या दगडाला धरत नाही. म्हणून लांबीच्या गोळ्याला खाली-वर सुपरग्लू लावून दोघांची सांगड घालावी. दहा-पंधरा मिनिटे पाणी स्थिर ठेवावे, आणि मग हात लावू नये! काही आठवड्यांनी प्रवाळाची कातडी बैठकीवर पसरते. तेव्हापासून तो गोंदाच्या नव्हे, स्वतःच्या बळावर उभा असतो.

"पण हलवायची वेळ आलीच तर?" आम्ही विचारले. वेळ येते. शेजारचा लांब तंतूंचा प्रवाळ रात्री डंख करतो, वर वाढलेला सावली धरतो. "मग बैठक सोडवायची," जावईबापू म्हणाले, "तुकड्याला हात लावायचा नाही. पायासकट हलवायचा." बोलता बोलता ते थांबले, आणि लेकीने त्यांच्याकडे पाहिले.

हे वाचून कुणा बडोदेकराच्या मनात जामनगरजवळच्या नरारा बेटावरून एखादा तुकडा आणण्याचा विचार आला असेल, तर त्याने तो तेथेच सोडावा. खडक बांधणारे सर्व प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत; त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. कलमे लावण्याचे काम आपल्याकडे सरकारी शास्त्रज्ञ समुद्रातच करतात. जानेवारी २०२० मध्ये मिठापूरच्या किनाऱ्यापुढे त्यांनी पाण्याखाली पोलादी सांगाडा ठेवला. त्यात सौम्य वीजप्रवाह सोडला की त्यावर समुद्रातले क्षार साचतात, आणि त्या थरावर प्रवाळाचे तुकडे तग धरतात.

परत आल्यावर आम्हांस आपल्याच वाड्यांकडे निराळ्या नजरेने पाहावेसे वाटू लागले. गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात आपले पूर्वज येथे आले. ते नुसते माणूसबळ घेऊन आले नाहीत. विठ्ठल आणला, कीर्तन आणले, तालमी आणल्या, घरातली बोली आणली. म्हणूनच गुजरातीत व्यवहार करूनही आपण अद्याप उभे आहोत. चरितार्थासाठी हलावे लागते, त्यात दोष नाही. सोबत पाय किती आला, हे मात्र सामान बांधतानाच पाहावे.

जूनमध्ये लेकीचे बिऱ्हाड टेक्ससला हलले. या खेपेस सौ. आधीच दोन महिने जाऊन राहिल्या. नातवाचा जुना पलंग, त्याची तबल्याची जोडी आणि रोज रात्रीची आजीची गोष्ट, यांतले काहीही मागे ठेवू दिले नाही. पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "आजोबा, सगळे तुकडे बैठकीसकट आणले. एकही पडला नाही!"

"आणि तू रे?" आम्ही विचारले.

थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "अजून चिकटतोय."