टीएसएच, टीएसएच आणि फक्त टीएसएच!

थायरॉईड म्हटलं की आपल्याकडे एकच चित्र: वजन वाढलेलं आणि रोज सकाळी उपाशीपोटी गोळी. ग्रंथी कमी नाही, जास्त काम करायला लागली तर? भरपूर खाऊनही माणूस वाळतो, छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडालेली, घरात चिडचिड. आणि गल्लीत कुजबुज सुरू, "बाहेरचं काहीतरी असणार."

याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे ग्रेव्ह्जचा आजार. आपल्याच शरीरातली प्रतिपिंडं थायरॉईडला थांबू देत नाहीत. त्यावर कार्बिमाझोल, साधारण १२ ते १८ महिने. मग गोळी बंद. आणि त्यानंतर जवळपास निम्म्या लोकांचा आजार परत येतो. निम्म्या! हे पहिल्याच दिवशी किती पेशंटना सांगितलं जातं?

माझ्या मावसबहिणीची फाईल माझ्याकडे आहे. सुरुवातीच्या चार महिन्यांचे सगळे रिपोर्ट फक्त टीएसएचचे. तो दर वेळी शून्याच्या आसपास, म्हणून दर वेळी डोस वाढवलेला. शेवटी बाई सुजली, थंडीने कुडकुडायला लागली. दुसरीकडे टी-४ केला तर तो पार तळाला! अहो, रक्तातलं हार्मोन ताळ्यावर आलं तरी दबलेला टीएसएच वर यायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून सुरुवातीला टी-४ आणि टी-३ बघायचे असतात. हे माझं संशोधन नाही, पाठ्यपुस्तकात आहे. पुढे दीड वर्षाने गोळी बंद केली, तेव्हाही प्रतिपिंडांची चाचणी नाहीच. पाच महिन्यांत धडधड परत.

आता मुद्द्याचं. कुणाचा आजार परतेल याचा काहीएक अंदाज आधी बांधता येतो. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१६ साली त्यासाठी एक गुणपद्धत मांडली. चारच गोष्टी: वय चाळिशीच्या आत आहे का, गलगंड केवढा, टी-४ किती, प्रतिपिंडं किती. कमी गुणांच्या गटात साधारण सहापैकी एकाला आजार परतला, सर्वाधिक गुणांच्या गटात तिघांपैकी दोघांना. नंतर इतरांनी पडताळणी केली तेव्हा फरक इतका ठळक राहिला नाही, हेही सांगतो. ही काही कुंडली नव्हे. पण "बघू, गोळ्या घ्या" यापेक्षा कितीतरी बरं.

आणि याने फरक पडतो. २८ वर्षांच्या मुलीला मूल हवंय. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत कार्बिमाझोल शक्यतो टाळतात. किरणोत्सारी आयोडीन घेतलं तर पुढे सहाएक महिने गर्भधारणा टाळावी लागते. शस्त्रक्रियेचा खर्च वेगळा. आजार परतायची शक्यता किती, हे माहीत नसताना तिने ठरवायचं कशावर?

डॉक्टरमित्र म्हणतील, प्रतिपिंडांची चाचणी महाग आहे. मान्य, टीएसएचच्या कित्येक पट महाग. पण वय विचारायला पैसे पडतात का? गळ्याला हात लावून गाठ बघायला? बिडी-सिगारेट ओढतोस का, हे विचारायला? तंबाखूच्या धुराने हा आजार परतायची शक्यता वाढते आणि डोळ्यांचा त्रासही बळावतो. आणि महाग आहे म्हणूनच ती जिल्हा रुग्णालयात मोफत हवी. महात्मा फुले योजनेचा भर दाखल पेशंटवर. ओपीडीतल्या थायरॉईडवाल्याने खिशातून भरायचं, नाहीतर आंधळेपणाने गोळ्या गिळायच्या. आमचे लोकप्रतिनिधी शिबिरं भरवतात, तिथेही काय तपासतात? बरोबर. टीएसएच. फोटोसहित.

"पत्रकारांनी बातम्या लिहाव्यात" अशी कमेंट येईलच. ही बातमीच आहे, साहेब.

तोवर ज्यांच्या घरी या गोळ्या चालू आहेत त्यांनी एवढं कराच. ताप आला, घसा दुखला, तोंड आलं, तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून सीबीसी करून घ्या. क्वचित, पण या औषधाने पांढऱ्या पेशी एकदम घसरतात, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत. मावसबहिणीच्या चिठ्ठीवर यातलं एक अक्षर नव्हतं. तुमच्या चिठ्ठीवर आहे का, बघून खाली लिहा.