व्हिंटेज आकाशातून पडत नाही

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा वंगणाचा आहे. वाचताना हात काळे झाले तर माझी जबाबदारी नाही :-)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. आपल्याकडे जुन्या गाड्यांचं जे काही कौतुक चालतं ते सगळं वयाचं कौतुक आहे. गाडी चालती ठेवणाऱ्या माणसाला त्यात काडीची जागा नाही. आणि हे असंच राहिलं तर अजून वीस वर्षांनी कौतुक करायला गाड्याच उरणार नाहीत.

आता नियम बघा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी सोय केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. वीस हजार रुपये भरा, 'व्हीए' अक्षरं असलेली वेगळी नंबरप्लेट घ्या. नोंदणी दहा वर्षांची. गाडी रस्त्यावर काढायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती एवढ्यासाठीच. ठीक आहे, काहीच नव्हतं त्यापेक्षा बरं.

पण पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२१ मध्ये, जुनी वाहनं भंगारात काढण्याचं धोरण जाहीर झालं. मग एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खाजगी कारच्या पुनर्नोंदणीचं शुल्क सहाशेवरून पाच हजार झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी ते दहा हजार झालं. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर आहेच. थोडक्यात काय, तर वीस वर्षांची गाडी म्हणजे कटकट आणि पन्नास वर्षांची गाडी म्हणजे वारसा. मग मधल्या तीस वर्षांत तिने काय करायचं? हिमालयात जाऊन तपश्चर्या?

आमच्याकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कोंडाण्याला घराच्या पडवीत उभी असते. सरकारच्या हिशेबाने ती २०३६ साली व्हिंटेज होईल. तोपर्यंत ती फक्त 'जुनी' आहे. आणि कोंडाण्याचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको की उभ्या गाडीच्या पत्र्याचं काय होतं. फ्लोअर आधी जातो, मग दाराच्या खालच्या कडा. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि जेटमध्ये चिकट थर बसतो. ब्रेक सिलिंडरची रबरं धरतात. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि त्या काळातले रबरी होज, फ्युएल पंपाचा पडदा हे काही इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते. म्हणजे गाडी नुसती उभी ठेवून पन्नाशीला पोचत नाही. दर पंधरा दिवसांनी ती चालवावी लागते, पॉइंट साफ करावे लागतात, किंगपिनला ग्रीस मारावं लागतं.

पद्मिनीचं उदाहरण मुद्दाम घेतोय. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघायला लागली, तिचंच १९७४ मध्ये पद्मिनी असं नाव झालं. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. बोरघाट चढताना बोनेट उघडून, रेडिएटर थंड होण्याची वाट बघत उभ्या असलेल्या फियाट ही खोपोली-खंडाळ्याची नेहमीची ओळख होती. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी, आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्या दिवशी सगळ्यांनी फोटो टाकले, उसासे टाकले. पण त्या टॅक्सी गेल्या तेव्हा त्यांच्यावर पोट असलेले मिस्त्री, सुटे भाग बनवणारे लेथवाले यांचाही धंदा गेला. त्यावर कोणी उसासा टाकलेला मला दिसला नाही.

आता कोणीतरी म्हणणार, "अरे पण प्रदूषण?" मुद्दा खोटा नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली गाडी दर किलोमीटरला नव्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते, वाद नाही. पण छंदाची गाडी महिन्यातून दोनदा कर्जत बाजारापर्यंत जाऊन येते. रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीचा नियम तिला कशाला? किलोमीटरची मर्यादा घाला, दरवर्षी ब्रेक आणि धूर तपासा. जर्मनीत तीस वर्षांच्या गाडीला तज्ज्ञाने तपासल्यावर 'एच' नंबरप्लेट मिळते. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाची, म्हणजे फिव्हाची व्याख्याही तीस वर्षांचीच आहे. आपल्याला पन्नासच का हवीत?

दुसरं भांडण आपल्याच लोकांशी आहे, म्हणजे छंदवाल्यांशी. रॅलीत गाडीसमोर पाटी असते: मेक, मॉडेल, साल, मालक. मालकाने बहुतेक वेळा चेक फाडलेला असतो. पॉइंटची गॅप कोणी लावली, न मिळणारं बुश लेथवर कोणी काढलं, गंजलेला पत्रा कोणी ठोकून सरळ केला, त्याचं नाव कुठेच नाही. आमचे मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत. कार्बोरेटर लावताना मला म्हणतात, "मोबाइल ठेव बाजूला, कान लाव." आवाजावरून मिक्श्चर ओळखतात. त्यांच्या हाताखाली शिकायला कोणी नाही, कारण या कामात पोट भरत नाही. आमच्या आयटीत जुनी कोबोल सिस्टीम सांभाळणारा रिटायर झाला की धावपळ उडते, त्याला कन्सल्टंट म्हणून परत बोलावतात. इथे मिस्त्री गेला की फक्त शटर खाली येतं.

आमच्याच गावात याचं उत्तर दगडावर लिहिलेलं आहे. राजमाचीच्या पायथ्याची कोंडाणे लेणी इसवी सनापूर्वीची. तिथे चैत्याच्या दर्शनी भागात एका भग्न शिल्पाजवळ ब्राह्मी लेख आहे. त्याचा अर्थ एवढाच, की कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. करणाऱ्याचं नाव, आणि त्याला शिकवणाऱ्याचंही नाव. दोन हजार वर्षांपूर्वी हे जमत होतं, तर आपल्याला एका पुठ्ठ्याच्या पाटीवर जमू नये?

तर माझ्या मागण्या दोनच. नियमात तीस वर्षांपासून पुढच्या गाड्यांसाठी मर्यादित वापराचा वेगळा वर्ग करा, तपासणी हवी तेवढी कडक ठेवा. आणि रॅलीवाल्यांनी प्रत्येक पाटीवर मालकाखाली मिस्त्रीचं नाव लिहा, हाताखाली शिकणारा पोरगा असला तर त्याचंही.

पहिलं सरकारच्या हातात आहे, कधी होईल देव जाणे. दुसऱ्याला अधिसूचना लागत नाही, मार्कर पेन लागतं. असो. ज्यांच्या घरी अजून एखादी फियाट झाकून ठेवलेली आहे, त्यांनी आज ताडपत्री काढा आणि मिस्त्रीला फोन लावा. पावसाच्या आत.