बाहुला उठला, भीती उठली नाही

गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरसारख्या वस्तीत ‘झपाटलेला २’ आज पाहिला जातो तो घरच्या दूरदर्शन संचावर. जून २०१३ मध्ये तो प्रदर्शित झाला, तेव्हा मराठीतील पहिला त्रिमिती चित्रपट म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला होता. त्रिमितीला खास चष्मा लागतो, तशी सोय असलेले चित्रगृह लागते. सपाट पडद्यावर मात्र प्रेक्षकाच्या अंगावर यावी म्हणून योजलेली वस्तू नुसतीच कॅमेऱ्यासमोर येते, थोडी रेंगाळते आणि निघून जाते. ती का आली, याचे उत्तर कथेत नसते. ज्या चमत्कारासाठी भांडवल ओतले, तो असा वजा झाला की चित्रपटात काय उरते ते उघडे पडते.

१९९३ च्या ‘झपाटलेला’ची कल्पनाही उसनीच होती; १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी भयपटाशी तिचे नाते स्पष्ट आहे. परंतु महेश कोठारे यांनी ती मराठी घरात आणून बसवली. गोळी लागून मरणारा गुंड तात्या विंचू मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो आणि तो बाहुला बोलक्या बाहुल्यांचा नाद असलेल्या लक्ष्याच्या हाती पडतो. बाहुला रामदास पाध्ये यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा आणि त्या निर्जीव वस्तूकडे पाहून खरोखर गर्भगळीत होणारा चेहरा लक्ष्मीकांत बेर्डे यांचा. प्रेक्षक भ्याला तो या चेहऱ्यामुळे. लक्ष्या खरे सांगतो आणि त्यालाच वेड्यात काढले जाते. कचेऱ्यांचे उंबरे झिजवणाऱ्या सामान्य माणसाला हा अनुभव नवा नाही. हसू आणि भीती तेथे एकाच मुळातून येत होती. तो चित्रपट उभा होता तो माणसांच्या हातातील कसबावर.

बेर्डे २००४ साली गेले. त्यांची जागा कशी भरायची, हा उत्तरार्धापुढचा खरा प्रश्न होता. तो वारसाहक्काने सोडवण्यात आला. पडद्यावर लक्ष्याचा मुलगा आला आणि ती भूमिका दिग्दर्शकाचे चिरंजीव आदिनाथ कोठारे यांनी केली. त्या तरुण नटाला दोष देणे अन्यायाचे होईल. लक्ष्याची असहायता पटकथेनेच त्याला दिली नाही. देखणा, धडधाकट नायक बाहुल्याला भितो, हे पटवायला काही कारण लागते. झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला हे सांगावे लागत नाही. रात्रभर थंडीत बसून नाटक पाहणारा हा प्रेक्षक नटाचा कस क्षणात ओळखतो. (शहरी समीक्षकाने त्याच्या शेजारी एकदा बसून पाहावे.)

निर्मात्याचे गणित मात्र समजण्याजोगे आहे. उत्तरार्धाची निम्मी जाहिरात पूर्वार्धानेच केलेली असते, त्यामुळे जोखीम घटते. पण जोखीम घटली की नवे काही शोधण्याची निकडही घटते. हॉलिवूडही याला अपवाद नाही. १९८६ च्या ‘एलियन्स’मध्ये नायिका रिप्ली ज्या मुलीला जिवाचे रान करून वाचवते, ती १९९२ च्या ‘एलियन ३’च्या आरंभीच मरून पडलेली दिसते. पुढील भागाला रिकामी पाटी हवी म्हणून आधीच्या भागातील सारी धडपड पुसून टाकली जाते आणि प्रेक्षकाची भावनिक गुंतवणूक बुडीत खात्यात जाते.

याउलट २०२२ चा ‘झोंबिवली’ घ्यावा. आदित्य सरपोतदार यांच्या या चित्रपटात विनोद काही ठिकाणी सैल आहे, शेवट घाईचा आहे. पण तेथील संकटाला मंत्र लागत नाही. ते बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यातून निघते आणि उंच इमारतींच्या आधी शेजारच्या झोपडपट्टीला गाठते. ती भीती फुलचूरच्या सपाट पडद्यावरही कमी होत नाही.